डॉ. कोटणीस : माघारीतून आघाडीकडे

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले ते व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या १९४६ सालच्या चित्रपटामुळे. परदेशी रणभूमीवर सेवा करताना देह ठेवणारा तरुण मराठी डॉक्टर ही प्रतिमा त्या चित्रपटाने लोकमानसावर कायमची कोरली. तथापि, या प्रतिमेच्या तेजात एक महत्त्वाची बाब काहीशी झाकोळून गेली. कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते पथक चीनमध्ये पोचल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांतच माघारीच्या लोंढ्यात सापडले होते. ज्या शहरात काम करायचे, ते शहर शत्रूच्या हाती पडले होते आणि ज्या बंदरातून औषधे यायची, तेही गेले होते. विस्थापित झालेल्या मदत पथकापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते सारे या पाच भारतीय डॉक्टरांपुढे उभे राहिले. कोटणीस यांच्या अखेरच्या चार वर्षांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नांना त्यांनी स्वतःच्या पद्धतीने दिलेले उत्तर होय.

सोलापूरची पार्श्वभूमी

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला एका कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. सोलापूर त्या काळी गिरण्यांचे आणि गिरणी कामगारांचे शहर होते. १९३० च्या मे महिन्यात सविनय कायदेभंगाच्या लाटेत शहरातील इंग्रजी अंमल काही दिवस जवळजवळ नाहीसा झाला. त्यानंतर ब्रिटिशांनी तेथे लष्करी कायदा पुकारला आणि जानेवारी १९३१ मध्ये चार सोलापूरकरांना फाशी दिले. ऐन विशीत असलेल्या कोटणीसांच्या पिढीवर या घटनांचे संस्कार झाले. परकी सत्तेखाली जगणे म्हणजे काय, हे या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. पदवी हाती आल्यानंतर ते पुढील शिक्षणाची तयारी करीत होते. घरात भावंडे बरीच होती आणि कमावत्या मुलाकडून कुटुंबाच्या अपेक्षा असणे स्वाभाविक होते. खासगी व्यवसायाचा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता. नेमक्या याच वेळी चीनला जाण्यासाठी डॉक्टर हवे असल्याचे आवाहन प्रसिद्ध झाले.

पाच डॉक्टरांचे पथक

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. त्याच वर्षी चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जून-जुलैमध्ये देशभर निधी गोळा करण्याचे आवाहन केले. त्यातून सुमारे २२ हजार रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशाला डॉक्टर, औषधे आणि रुग्णवाहिका पाठविण्याचा हा प्रयत्न त्या काळाच्या मानाने विलक्षणच म्हणावा लागेल.

पथकाचे नेतृत्व अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल यांच्याकडे होते. स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूने वैद्यकीय सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. कलकत्त्याहून डॉ. बिजॉयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी आले. सोलापूरचे कोटणीस हे पाचवे. पथक काँग्रेसचे असले, तरी पारपत्रे ब्रिटिश सरकारचीच लागणार होती. निवड झालेल्या एका डॉक्टरांना त्यांच्या राजकीय विचारांमुळे पारपत्र नाकारण्यात आले आणि त्यांच्या जागी बसूंची वर्णी लागली. मदतकार्य कितीही मानवतावादी असले, तरी त्याला राजकारणाची दारे ओलांडूनच जावे लागते, याचा पहिला प्रत्यय मुंबईचा किनारा सोडण्यापूर्वीच आला.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने पथक मुंबईहून निघाले. हाँगकाँगमार्गे सप्टेंबरच्या मध्यास ते कँटनला पोचले. तेथे डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. महिनाअखेरीस पाचही डॉक्टर यांगत्से नदीकाठच्या हँको शहरात दाखल झाले. नानकिंग पडल्यानंतर चीनच्या राष्ट्रवादी सरकारचा कारभार बराचसा याच परिसरातून चालत होता. चिनी रेडक्रॉसच्या व्यवस्थेखाली पथकाने लगेच कामाला सुरुवात केली.

शहर हातचे गेले

ऑक्टोबर १९३८ हा चीनच्या दृष्टीने काळा महिना ठरला. २१ ऑक्टोबरला कँटन जपान्यांच्या ताब्यात गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी हँकोही पडले. भारतीय पथक त्यापूर्वीच इचांगला हलविण्यात आले होते. यांगत्सेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जाणाऱ्या सैनिकांच्या, जखमींच्या आणि निर्वासितांच्या गर्दीत हे पाच परदेशी डॉक्टरही होते. इचांगमध्येही फार काळ थांबता आले नाही. नोव्हेंबरमध्ये पथक राष्ट्रवादी सरकारच्या नव्या राजधानीत, म्हणजे चुंगकिंगला येऊन पोचले. चीनच्या भूमीवर पाऊल ठेवल्यापासून दोन-अडीच महिन्यांत पथकाने चार शहरे पाहिली होती. एकाही ठिकाणी रुग्णालय म्हणून काही स्थिर होण्याएवढा अवधी मिळाला नव्हता.

या स्थलांतराचे परिणाम वरवर दिसतात त्याहून खोल होते. कँटन पडल्यामुळे हाँगकाँगहून येणारी रेल्वे तुटली. चीनला बाहेरून मिळणाऱ्या औषधांचा आणि उपकरणांचा मुख्य मार्गच त्यामुळे बंद झाला. उरले ते इंडोचीनमधून येणारी रेल्वे आणि नुकताच तयार होत असलेला ब्रह्मदेशचा रस्ता, असे लांबचे आणि बेभरवशाचे पर्याय. पथकाने सोबत आणलेला औषधसाठा संपल्यावर तो पुन्हा भरून निघेल, याची शाश्वती आता कुणीही देऊ शकत नव्हते.

दुसरी अडचण राजकीय होती. मदतीची हाक आली होती कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेकडून. परंतु पथकाचे यजमान होते चियांग कै-शेक यांचे राष्ट्रवादी सरकार. जपानविरुद्ध या दोन्ही पक्षांची आघाडी झालेली असली, तरी त्यांच्यातील अविश्वास कायम होता. सर्वाधिक वैद्यकीय टंचाई असलेल्या वायव्येकडे जाण्याची भारतीय डॉक्टरांची इच्छा होती. तेथे जाण्याची वाट मात्र चुंगकिंगच्या परवानगीतून जात होती. राजधानीतील रुग्णालयांत काम होते, निवास होता आणि तुलनेने सुरक्षितताही होती. आघाडीपासून दूर ढकलल्या गेलेल्या मदत पथकाला हाच मोह पडतो. प्रत्यक्ष गरज जिथे आहे ते ठिकाण दुर्गम झाले की, सोयीच्या जागी राहून जमेल तेवढे करावे, हा विचार व्यवहार्य वाटू लागतो.

चुंगकिंगमधील या दिवसांतच शांतिनिकेतनच्या चीना भवनचे संचालक तान युन-शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे 'हुआ' हे अक्षर होते. कोटणीसांचे 'के दिहुआ' झाले. पुढील चार वर्षांत ते याच नावाने ओळखले गेले आणि चीनमध्ये आजही त्याच नावाने ओळखले जातात.

येथेच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. कुटुंबाची विवंचना उघड होती. परत जाण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला, तर त्यात वावगे काहीच नव्हते. एका वर्षासाठी आलेल्या पथकातून अशा प्रसंगी माघारी फिरणाऱ्याला कुणी दोष दिला नसता. कोटणीस परतले नाहीत. सोलापुरातील घराला या निर्णयाची किंमत मोजावी लागली, हेही विसरता कामा नये. चरित्रनायकाच्या त्यागाचे गोडवे गाताना मागे राहिलेल्यांचा त्याग बहुधा अनुल्लेखित राहतो.

येनानच्या गुहा

अखेर २२ जानेवारी १९३९ रोजी पथक चुंगकिंगहून निघाले आणि शिआनमार्गे १२ फेब्रुवारीला येनानला पोचले. येनान ही कम्युनिस्टांची राजधानी. डोंगरांच्या पिवळ्या मातीत कोरलेल्या गुहा हीच तेथील घरे, कार्यालये आणि रुग्णालये होती. जपानी बॉम्बफेकीमुळे शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झालेला होता आणि रुग्णालयही शहरापासून दूर हलविण्यात आले होते. राळ्याचा भात, थोडी भाजी आणि कडाक्याची थंडी यांची सवय करून घेत भारतीय डॉक्टर कामाला लागले.

येनानला पोचल्यानंतर पथकाची संख्या घटू लागली. वाढते वय आणि प्रकृती यांमुळे डॉ. चोळकर १९३९ मध्ये भारतात परतले. डॉ. मुखर्जींनाही आजारपणामुळे त्याच वर्षी परतावे लागले. सप्टेंबरमध्ये युरोपात महायुद्ध पेटले आणि भारताकडून नियमित मदत येण्याची आशा आणखी मावळली. ज्या संघटनेने पथक पाठविले, तिच्याशी संपर्कही दुरापास्त होत गेला. काँग्रेसमध्ये दरम्यान मोठी उलथापालथ झाली होती आणि पथकाला निरोप देणारे सुभाषबाबू अध्यक्षपदावरून दूर झाले होते. पाठविणारी संघटना बदलते, निधी आटतो, जगाचे लक्ष दुसऱ्या युद्धाकडे वळते. मदत पथकाच्या वाट्याला येणारे हे एकाकीपण उरलेल्या तिघांनी अनुभवले.

तरीही नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस येनान सोडून पूर्वेकडे, आघाडीच्या दिशेने निघाले. हँकोपासून सुरू झालेल्या माघारीची दिशा येथे खऱ्या अर्थाने उलटली. वर्षअखेरीस शान्सी प्रांतातील आठव्या मार्ग सेनेच्या मुख्यालयात त्यांची चू तेह यांच्याशी भेट झाली. त्यानंतर प्रकृतीच्या कारणाने अटल यांना परतावे लागले. पाचांपैकी दोघे उरले.

बेथून यांची जागा

बसू आणि कोटणीस जपान्यांच्या ताब्यातील रेल्वेमार्ग रात्रीच्या अंधारात ओलांडून शान्सी, चाहर आणि होपेई प्रांतांच्या सीमाभागात गेले. हा प्रदेश शत्रूच्या पिछाडीला होता. चोहोबाजूंनी जपानी ठाणी आणि मधल्या डोंगराळ भागात गनिमी सेनेचे राज्य, अशी तेथील स्थिती होती. कॅनडाचे ख्यातनाम शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून याच भागात काम करीत होते. खेचरांवर लादता येईल असे फिरते शस्त्रक्रियागृह त्यांनी तेथे उभारले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. १९४० च्या जूनमध्ये कोटणीस आणि बसूंनी त्यांच्या समाधीचे दर्शन घेतले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आठव्या मार्ग सेनेने 'शंभर पलटणींची मोहीम' सुरू केली. जखमींचा ओघ अखंड सुरू झाला. त्यातील एका लढाईत कोटणीस यांनी तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि सलग तीन दिवस-रात्री विश्रांती घेतली नाही, असा उल्लेख त्यांच्या चरित्रांतून आढळतो. रणभूमीला शक्य तितके जवळ राहून तातडीने शस्त्रक्रिया करणे, हे बेथून यांचे सूत्र त्यांनी पुढे चालविले. जखमीला डोंगरवाटांनी खाटेवरून दूरच्या रुग्णालयात नेण्यात जो वेळ जाई, त्यातच अनेकांचे प्राण जात. त्यामुळे डॉक्टरनेच जखमीकडे जाणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता.

पुढे बसू येनानला परतले आणि १९४३ मध्ये मायदेशी आले. सीमाभागात मूळ भारतीय पथकातील एकटे कोटणीस राहिले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाच्या संचालकपदी नेमणूक झाली. होपेई प्रांतातील तांग परगण्यात गेगोंग नावाच्या खेड्यात हे रुग्णालय होते. नाव भारदस्त असले, तरी इमारती म्हणजे शेतकऱ्यांची घरेच होती. जपानी फौजांची धडक मोहीम सुरू झाली की, रुग्णालय आवरून डोंगरात हलवायचे, जखमींना खेड्यापाड्यांतील घरांत लपवायचे आणि संकट टळल्यावर पुन्हा मांडामांड करायची, हा क्रम चालू होता. १९४१ च्या शरद ऋतूतील जपानी मोहीम विशेष भीषण होती. स्थलांतर ही या रुग्णालयाच्या दृष्टीने आपत्ती राहिली नव्हती. तो दैनंदिन व्यवस्थापनाचा भाग झाला होता.

भाषा आणि अध्यापन

कोटणीस यांच्या कार्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेच्या टेबलापासून दूर, वर्गात घडला. रुग्णालयाला जोडून बेथून यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा होती. कोटणीस तेथे शस्त्रक्रियाशास्त्र शिकवीत. त्यासाठी त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. दुभाष्यावर विसंबून काम करणाऱ्या परदेशी डॉक्टराला रुग्णाची वेदना कळते, पण त्याचे म्हणणे कळत नाही. कोटणीस मात्र चिनी भाषेत व्याख्याने देत आणि लिहीतही. खेड्यातील लोक आणि सैनिक त्यांना आपुलकीने 'लाओ के' म्हणत. वयाने तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या डॉक्टराला मिळालेली 'लाओ' ही उपाधी वडीलधाऱ्यांसाठी वापरतात.

अध्यापनामागे एक रोकडा हिशेब होता. नाकेबंदीमुळे बाहेरून डॉक्टर येण्याची शक्यता जवळपास संपली होती. औषधे तुटपुंजी होती. अशा वेळी एका शल्यविशारदाने स्वतःच्या हाताने कितीही शस्त्रक्रिया केल्या, तरी आघाडीची गरज भागणे शक्य नव्हते. शेतकऱ्यांच्या मुलांना जखम स्वच्छ करणे, रक्तस्राव थांबविणे, मोडलेले हाड बसविणे शिकविले, तर ते ज्ञान जपानी घेऱ्यातूनही पसरणार होते. परदेशातून आलेली मदत केव्हातरी थांबते. तिच्यातून स्थानिक माणसे उभी राहिली, तर काम थांबत नाही. कोटणीस यांनी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखन हाती घेतले, ते याच गरजेपोटी.

शाळेत परिचर्येचे अध्यापन करणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा परिचय झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. सीमाभागाचे सेनापती न्ये रोंगचेन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते. मदतीसाठी आलेला पाहुणा ते संघर्षातील सहभागी, हा प्रवास येथे पूर्ण झाला. मदत पथकांनी तटस्थ राहावे की नाही, हा वाद जुना आहे. कोटणीस यांच्यापुरता त्यांनी तो निकालात काढला होता, आणि ही बाजू वगळून सांगितलेले त्यांचे चरित्र अपुरेच राहील.

अकाली अखेर

अपुरे पोषण, सततची पायपीट आणि जागरणे यांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी आघाडी सोडून सुरक्षित ठिकाणी जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला; परंतु रुग्णालय आणि शाळा सोडून जाण्यास ते राजी झाले नाहीत. दोन झटक्यांच्या मधल्या काळात त्यांचे काम आणि लेखन सुरूच होते. शस्त्रक्रियाशास्त्राच्या सर्वसाधारण भागाचे लेखन पूर्ण झाले होते. दुसरा भाग लिहिणे चालू असतानाच त्यांना तीव्र झटका आला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. माओंनी येनानहून त्यांना श्रद्धांजली वाहिली.

पुस्तकाचा दुसरा भाग अपूर्ण राहिला.

स्मृती आणि वास्तव

ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीस यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारे व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. चित्रपटात साथीच्या रोगाशी दिलेली झुंज आणि रणभूमीवरील नाट्य यांना अग्रस्थान मिळाले. गेगोंगमधील वर्ग, चिनी अक्षरांत लिहिलेल्या टिपणांच्या वह्या आणि दर मोहिमेत आवरून पुन्हा मांडले जाणारे रुग्णालय यांत पडद्यावर दाखविण्याजोगे नाट्य कमी होते. मात्र कोटणीस यांचे टिकाऊ काम तेथेच झाले.

पुढे त्यांचे अवशेष शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मारकात हलविण्यात आले. बेथून यांची समाधीही तेथेच आहे. खेड्यातील घरांत चाललेले बेथून रुग्णालय याच शहरात स्थिरावले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये कोटणीस यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर झाले असून, भारतात येणाऱ्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात अनेक दशके पाळला. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांच्या संबंधांत अनेक चढउतार आले. पण हे नाव उच्चारण्यास कोणत्याही बाजूला कधी संकोच वाटला नाही.

कुटुंबाच्या वाट्याला मात्र आणखी एक आघात आला. वैद्यकाचेच शिक्षण घेणारा यिनहुआ १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच मरण पावला. क्वो चिंगलान यांनी त्यानंतरही भारताशी असलेला ऋणानुबंध तोडला नाही. त्या अनेकदा भारतात आल्या आणि पतीच्या आप्तांना भेटल्या. जून २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, दालियन येथे त्यांचे निधन झाले. पतीच्या निधनाला तेव्हा सुमारे सत्तर वर्षे होत आली होती.

शिजियाझुआंगमध्ये के दिहुआ यांच्या नावाची एक वैद्यकीय शाळा आहे. तेथून परिचारिका आणि वैद्यकीय सेवक शिकून बाहेर पडतात. औषधांची वाट बंद झाल्यावर सोलापूरच्या या डॉक्टराने शिकविण्याचा जो मार्ग निवडला, तो त्या शाळेत पुढे चालू राहिला आहे.